कावळा नीट बघायचा असेल तर

शिवणकामात सगळ्यांत अवघड काय, असं कुणी विचारलं तर मी काज म्हणत नाही, कॉलरही म्हणत नाही. काळ्या कापडाला काळा दोरा जुळवणं, हे माझं उत्तर. लाल कापडावर लाल दोरा ठेवला की डोळा लगेच कौल देतो. काळा फसवतो. ट्यूबलाइटखाली जुळलेला दोरा खिडकीशी नेला की तपकिरी वाटतो, दुसरा निळ्याकडे झुकतो, तिसरा राखेसारखा दिसतो. माझ्या डब्यात काळ्या दोऱ्याची ११ रिळं आहेत आणि सगळी वेगळी आहेत.

मी २९ वर्षं एकाच खिडकीशी मशीन लावून बसते. त्यातली पहिली १८ वर्षं समोरच्या कठड्यावर येणाऱ्या कावळ्यांना मी फूटपट्टी आपटून हाकलत होते. एका दुपारी वाऱ्याबरोबर एक पीस आत आलं आणि मी कापत असलेल्या काळ्या सॅटिनवर पडलं. पंखाचं मोठं पीस, वीतभर. सवयीनं मी डबा उघडला आणि त्याला दोरा जुळवायला बसले. एकही रीळ जुळलं नाही. पीस हातात जरा कलतं केलं की निळं होई, आणखी कलतं केलं की जांभळं, आणि कण्याच्या कडेनं एक बारीक हिरवी रेघ धावत जाई. काळ्याशी इतकी वर्षं झटत असताना सगळ्यांत सुंदर काळा रोज माझ्यासमोर येऊन बसत होता.

त्या दिवसापासून मी कावळे बघते आहे. ते कसे बघायचे हे उमजायला मला फार वेळ लागला. तुमचा तेवढा जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी उजेड बघा

बहुतेकांना कावळा काळाकुट्ट दिसतो, कारण ते त्याला आभाळाच्या पाठीवर किंवा भर दुपारी बघतात. आभाळासमोर कुठलाही पक्षी सावलीसारखाच दिसतो. दुपारी ऊन डोक्यावरून पडतं आणि पिसांवरची सगळी झळाळी मारली जाते. सकाळी ऊन वर आल्यावर तासाभरात किंवा संध्याकाळी ऊन उतरताना बघा. सूर्य तुमच्या पाठीशी हवा आणि कावळा तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा थोडा खाली. खिडकी, गच्ची, जिन्याचं वळण अशी जागा उत्तम.

आधी मिटलेल्या पंखाकडे बघा, मग पाठीकडे, मग गळ्याकडे. तो मान वळवेल तसा रंग पिसावरून सरकताना दिसेल. आम्ही ज्याला धूपछाव कापड म्हणतो, त्यात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून ते हलवलं की रंग पालटतो. कावळ्याच्या पिसात मात्र निळा रंग कुठेच भरलेला नसतो. पिसाच्या अगदी बारीक तंतूंमध्ये मेलॅनिनचे कण असतात (आपले केस ज्याने काळे होतात तेच मेलॅनिन) आणि त्यांच्यावर केराटिनचा (आपली नखं ज्याची बनतात त्याचा) पातळ थर. प्रकाश त्या थरांवरून परतताना कोनाप्रमाणे कधी निळा, कधी जांभळा होऊन येतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, त्याच जातीची ही गोष्ट. म्हणूनच माझं रीळ जुळेना. रंगवलेला दोरा तिथे जुळणारच नव्हता.

ह्या मेलॅनिनचा आणखी एक उपयोग आहे. त्याने पीस चिवट होतं, कमी झिजतं. करकोचे किंवा कुरव यांसारख्या कितीतरी पांढऱ्या पक्ष्यांच्याही पंखांची टोकं काळी असतात, ती बरीचशी ह्याच कारणानं. सर्वांत जास्त झीज टोकांची होते. कावळ्याचा तर सगळा पोशाखच टिकाऊ कापडाचा.

मानेवर राखाडी पट्टा असलेला, वस्तीत दिसणारा तो गावकावळा. त्याचं शास्त्रीय नाव कॉर्व्हस स्प्लेंडेन्स. स्प्लेंडेन्स म्हणजे झळाळणारा, चमकणारा. फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञ व्हिएयो यांनी १८१७ साली हे नाव दिलं. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला नीट उजेडात बघितलं होतं. डोमकावळा अंगानं मोठा, मानेसकट पूर्ण काळा, चोच जाड आणि वरून बाकदार. दोन्ही एका रांगेत बसले की गावकावळ्याची राखाडी मान मखमलीसारखी वाटते आणि डोमकावळ्याची पाठ पॉलिश केल्यासारखी.

हे जमलं की डोळ्यावर या. थोडा वेळ टक लावली तर डोळ्यावरून एक फिकट पडदा आडवा सरकताना दिसेल, क्षणभरच. ती पक्ष्यांची तिसरी पापणी. चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांवर ताठ केसांसारखी पिसं असतात, तीही बघा. दुर्बीण असेल तर छान, पण मी पहिली तीन वर्षं दुर्बिणीशिवायच काढली.

कावळे बघू नका, एक कावळा बघा

सगळ्या मजकुरातली ही एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी मला चालेल. थव्याकडे बघून थवाच दिसतो. कावळ्याची बदनामी सगळी अनेकवचनी आहे: कावळे घाण करतात, कावळे ओरडतात, कावळे चोर असतात. एकाला ओळखायला लागलात की ही वाक्यं तोंडातून निघणं अवघड होतं.

ओळखायचं कसं? एकच जागा आणि एकच वेळ धरा. मी सकाळी मशीनला तेल घालायच्या आधीची दहा मिनिटं धरली. कावळे जोडीनं राहतात आणि आपली जागा सोडत नाहीत, त्यामुळे तुमच्या खिडकीसमोर रोज येणारे बहुधा तेच ते असतात. मग त्यांच्यातली एखादी खूण शोधा. इथे मी एक चूक केली ती तुम्ही करू नका. माझ्या पहिल्या कावळ्याच्या डाव्या पंखात एक पीस कमी होतं, उडताना खाच दिसायची. मी त्यालाच खूण मानलं. पिल्लांचा हंगाम संपल्यावर कावळ्यांची पिसं बदलतात. नवं पीस आलं, खाच भरली, आणि माझा कावळा चौघांत हरवला. पिसाची खूण एका हंगामाची. चोचीचा टवका, पायाचं बोट, डोळ्याजवळचा व्रण अशी अंगाची खूण शोधा.

पिसं बदलत असतानाचे ते आठवडे मात्र मुद्दाम बघा. जुनी पिसं उन्हानं विटून तपकिरी झालेली असतात आणि त्यांच्यात मधेमधे नवी निळी-काळी उगवलेली असतात. एकाच अंगावर जुनं आणि नवं कापड. ह्या दिवसांत लोक म्हणतात कावळा रोगट दिसतो. तो कपडे बदलत असतो.

माझा दुसरा कावळा तीनबोट्या. कावळ्याच्या पायाला पुढे तीन आणि मागे एक अशी चार बोटं असतात. ह्याच्या डाव्या पायाला पुढचं एक बोट नाही. ते कसं गेलं हे मी पाहिलं आहे. एका सकाळी त्याच्या पायात नायलॉनचा धागा गुंतलेला दिसला. बोट सुजलं होतं. तो चोचीनं ओढत होता आणि धागा आणखी आवळत होता. मला त्याला पकडता आलं नाही. पकडायला गेले तर तो उडे, आणि दोन दिवस आलाच नाही. नंतर आला तेव्हा बोट काळं पडलं होतं, काही आठवड्यांनी ते गळून गेलं. धागा माझ्याकडचाच होता का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण रंग माझ्या ओळखीचा होता. त्या दिवसापासून माझ्याकडच्या दोऱ्याचा प्रत्येक तुकडा बोटभरापेक्षा लहान कापला जातो आणि झाकणाच्या डब्यात जातो. कावळ्यावर प्रेम करायचं असेल तर खाऊ घालण्याच्या आधी हे करा: दोरा, मांजा, केसांचे गुंते, मास्कच्या नाड्या, सगळं कापून टाका.

एक छोटी वही ठेवा. मी बिलबुकाच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. वेळ, कोण आला, काय केलं, एवढंच. ‘हुशार आहे’ असं लिहू नका, त्यानं काय केलं ते लिहा. महिन्याभरानं वही वाचली की कावळा त्यातून आपोआप उभा राहतो.

काकस्नान खोटं आहे

घाईत दोन तांबे अंगावर घेतले की आपण त्याला काकस्नान म्हणतो. ज्यानं कुणी हा शब्द काढला त्यानं कावळ्याला पूर्ण आंघोळ करताना बघितलं नसावं. तुम्ही बघा. रुंद, उथळ भांडं घ्या, मातीचं असेल तर उत्तम, कारण पाय घसरत नाहीत. पाणी तीन-चार बोटं खोल. रोज भांडं घासून पाणी बदला, हे टाळायचं नाही. साचलेल्या घाण पाण्यातून पक्ष्यांमध्ये रोग पसरतात.

तीनबोट्या आधी काठावर उभा राहून पाणी चोचीनं हलवून बघतो. मग आत उतरतो, डोकं पूर्ण बुडवतो आणि झटक्यानं वर आणतो, त्यामुळे पाणी पाठीवरून ओघळतं. पंख फडफडवून पाणी काखेत घेतो. बाहेर येतो, बघतो, पुन्हा उतरतो. एकदा मी मोजलं, सात वेळा उतरला. चिंब भिजलेला कावळा अर्धा दिसतो, मान बारीक, पिसांच्या काड्या झालेल्या. मग तो उन्हात बसतो आणि एकेक पीस चोचीतून मुळापासून टोकापर्यंत ओढून काढतो, जशी आम्ही शिवण नखानं दाबत नेतो तशी. अर्धा तास सहज जातो. त्याची जोडीदारीण, किंवा जोडीदार (बाहेरून नर-मादी ओळखता येत नाहीत), शेजारी येऊन बसते, आणि तो मान खाली घालतो. तिथे त्याची स्वतःची चोच पोचत नाही. ती त्याच्या मानेची पिसं विंचरते आणि तो डोळे मिटतो. ज्याला कावळा कुरूप वाटतो त्याला मी फक्त एवढंच बघायला सांगेन, ही मिटलेले डोळे असलेली मान.

कान थोडे जवळ न्या

त्या विंचरण्याच्या वेळी एक आवाज येतो. घशातल्या घशात, हलका, खुळखुळ्यासारखा. रस्त्यावरून तो कधीच ऐकू यायचा नाही. आपण कावळ्याचा आवाज कर्कश म्हणतो, कारण लांबून आपल्यापर्यंत पोचतात ते त्याचे दुसऱ्यांना ऐकू जावेत म्हणून काढलेले आवाज. माणसांनाही फक्त रस्त्यावर ओरडतानाच ऐकलं तर माणूस कर्कशच वाटेल.

वर्गवारीत कावळा गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात येतो. बुलबुल आणि दयाळ ज्या गटातले, त्याच गटातला तो, आणि अंगापिंडानं त्या गटातले सर्वांत मोठे पक्षी कावळ्याच्याच कुळात आहेत. कोकिळा त्या गटात बसत नाही, हे ऐकून लोक चकित होतात.

ऐकायला शिकायचं तर डोळे मिटून सुरुवात करू नका. उलट करा: आवाज आला की लगेच तो काय करतो आहे ते बघा. आखूड, तुटक, एकामागून एक आणि अनेकांनी मिळून केलेला गलका असेल तर मांजर, घार किंवा घुबड शोधा. बहुतेक वेळा सापडतं. मी ह्याच गलक्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा घुबड पाहिलं, दिवसाढवळ्या. एकटा कावळा उंचावर बसून मोजके, सारख्या अंतरानं आवाज काढत असेल तर थांबा, दूरवरून दुसऱ्याचं उत्तर येतं का ते ऐका. आणि मोजा. जर्मनीतल्या ट्यूबिंगन विद्यापीठात आंद्रेआस नीडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कावळ्यांना खुणेप्रमाणे एक ते चार आवाज मोजून काढायला शिकवलं. २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात मला सर्वांत सुंदर वाटलं ते हे की पहिल्या आवाजाच्या ढंगावरूनच पुढे एकूण किती निघणार ह्याचा अंदाज बांधता येत होता. म्हणजे तोंड उघडायच्या आधी हिशोब झालेला असतो.

बुद्धी कुठे दिसते

लोकांना करामत बघायची असते. करामती आहेतच. पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरचे कावळे काटकी कुरतडून तिला आकडा काढतात आणि झाडाच्या भोकांतल्या अळ्या ओढतात. ते केवड्याच्या जातीच्या पानांची काटेरी कडही पट्टी काढावी तशी फाडून वापरतात; संशोधक गेव्हिन हंट यांनी १९९६ मध्ये ह्या अवजारांविषयी लिहिलं. २००२ मध्ये ऑक्सफर्डमध्ये ह्याच जातीच्या बेटी नावाच्या कावळीनं सरळ तार वाकवून हूक केला आणि नळीतली खाऊची इवलीशी बादली वर ओढली. पुढे असं लक्षात आलं की त्या जातीचे कावळे रानातही काटक्या वाकवतात, म्हणजे बेटीला ती कल्पना अगदी शून्यातून सुचली असं नाही. मला त्यानं बेटी कमी वाटत नाही. मीही तार वाकवून हूक करायला माझ्या मावशीकडे बघूनच शिकले. जपानमधल्या सेंदाई शहरातले कावळे अक्रोड गाड्यांच्या चाकांखाली येतील असे रस्त्यावर ठेवतात. इसापच्या गोष्टीत कावळा खडे टाकून पाणी वर आणतो; २००९ मध्ये क्रिस बर्ड आणि नेथन एमरी यांनी रूक जातीच्या कावळ्यांसमोर अळी तरंगत असलेली नळी आणि खडे ठेवले, आणि त्यांनी खडे टाकून अळी वर आणली. मोठे खडे आधी उचलले.

एवढं सगळं एवढ्याशा डोक्यात कसं मावतं? रेव्हन म्हणजे कावळ्याचा मोठा भाऊबंद. त्याचा मेंदू सुमारे १४ ग्रॅमचा. पण २०१६ मध्ये चेतापेशी मोजल्या तेव्हा त्या मेंदूच्या पुढच्या भागात एक अब्जाहून जास्त निघाल्या. पक्ष्यांच्या पेशी लहान आणि दाट बसवलेल्या असतात. बारीक टाक्याची शिवण, असं मी मनाशी म्हणते.

पण तुमच्या कठड्यावर ह्यातलं काही होणार नाही, आणि ते बघायला बसलात तर निराश व्हाल. रोजच्या कावळ्याची बुद्धी छोट्या गोष्टींत दिसते. कोरडा पावाचा तुकडा तो उचलून पाण्याच्या भांड्यापर्यंत नेतो, बुडवतो, थांबतो, मऊ झाला की खातो. दोन शेंगदाणे मिळाले तर एक तिथे खातो आणि दुसरा घेऊन जातो. मागावर राहा. तो पत्र्याच्या फटीत किंवा कुंडीच्या मातीत तो शेंगदाणा खोचतो आणि वर पान ठेवतो. आता आजूबाजूला दुसरा कावळा आहे का ते बघा. असेल, तर हा पुष्कळदा थोड्या वेळानं येतो, शेंगदाणा काढतो आणि दुसरीकडे दडवतो. दुसऱ्यानं काय पाहिलं असेल ह्याचा तो विचार करतो आहे असं वाटतं, आणि कावळ्याच्या कुळातल्या इतर पक्ष्यांवर केलेल्या प्रयोगांतही अशीच जागा बदलण्याची सवय दिसलेली आहे.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते बटणांच्या डब्यानं. तीनबोट्या जिथे रोज शेंगदाणा घ्यायचा तिथे मी एकदा विसरून लाल पत्र्याचा डबा ठेवला. शेंगदाणे शेजारीच होते. तो समोरच्या तारेवर बसला, डबा एका डोळ्यानं बघितला, मान फिरवून दुसऱ्या डोळ्यानं बघितला, आणि उडून गेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी कठड्याच्या टोकाला उतरला, आडवा चालत चार पावलं आला, मागे उडी मारली. चौथ्या दिवशी अंग मागे आणि मान पुढे ताणून डब्याला एकदाच टोच मारली आणि फडफडत लांब गेला. पाचव्या दिवशी डब्यावर उभा राहून शेंगदाणा खाल्ला. माझी भाची म्हणाली, भित्रा आहे. मला ती चार दिवसांची तपासणी वाटली. माणसांच्या वस्तीत फासा कुठला आणि डबा कुठला हे कळेपर्यंत थांबणारा कावळाच म्हातारा होतो.

तुम्हीही बघितले जात आहात

कावळे माणसांचे चेहरे ओळखतात. २००६ मध्ये अमेरिकेत सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात संशोधक जॉन मार्झलफ यांनी विशिष्ट मुखवटा घालून सात कावळे पकडले आणि सोडून दिले. नंतर तो मुखवटा घालून कुणीही आवारात फिरलं की कावळे अंगावर ओरडत. दुसऱ्या मुखवट्याकडे दुर्लक्ष करत. वर्षं गेली तरी हे थांबलं नाही, आणि ज्यांना कधी पकडलंच नव्हतं असे कावळेही त्यात सामील झाले. म्हणजे वाईट माणसाची ओळख पुढच्यांना सांगितली जाते. एखादा कावळा मरून पडला की भोवती इतर जमतात, तेही काही अंशी ह्यासाठीच असावं: इथे काय झालं, कोण होतं, हे बघून ठेवणं.

म्हणून तुमचं वागणं सारखं ठेवा. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी थोडंसं खाऊ ठेवा आणि मागे सरका. बिनमिठाचे शेंगदाणे, उकडलेल्या अंड्याचा तुकडा चालतो. खारट, तळलेलं, आंबलेलं नको. मूठभरापेक्षा जास्त कधीच नको; जास्त ठेवलं की उंदीर येतात, शेजारी चिडतात, आणि कावळ्यांची गर्दी झाली की आसपासच्या लहान पक्ष्यांच्या घरट्यांवर संकट येतं. सरळ डोळ्यांत रोखून बघू नका, तिरके उभे राहा, हातातलं काम चालू ठेवा. माझं मशीन चालू असताना ते जास्त निवांत असतात. हातावर घ्यायला शिकवू नका. माणसाच्या हाताला निर्ढावलेला कावळा एखाद्या दिवशी चुकीच्या हाताजवळ जाईल.

तक्रारी खऱ्या आहेत

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं आपण म्हणतो, म्हणजे फांदीचा दोष त्याचा नसतो हे भाषेलाही ठाऊक आहे. पण सगळेच आळ खोटे नाहीत. तो दुसऱ्यांची अंडी आणि पिल्लं खातो. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्या दिवशी मला तीनबोट्याकडे बघवलं नाही. गावकावळा जहाजांबरोबर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचला आणि तिथल्या पक्ष्यांना त्याचा फार त्रास झाला आहे. तिथल्या माणसांचा राग योग्य आहे. एखाद्याचं सौंदर्य दिसायला तो निर्दोष असण्याची गरज नाही. कचरा पसरतो ही तक्रार मात्र मी कावळ्यावर ढकलत नाही. डब्याला झाकण लावणं हे आपलं काम.

डोक्यावर झडप घालतो, ही तक्रार वर्षातल्या थोड्याच दिवसांची असते. जवळ घरटं आहे किंवा पिल्लू नुकतंच बाहेर पडलं आहे, एवढाच तिचा अर्थ. काही दिवस दुसऱ्या वाटेनं जा, नाहीतर छत्री धरा. काठी उगारू नका. तुमचा चेहरा लक्षात राहील. जमिनीवर बसलेलं, नीट उडता न येणारं पिल्लू दिसलं की लोक ते उचलून घरी नेतात. नेऊ नका. कावळ्याची पिल्लं पूर्ण उडता यायच्या आधीच घरट्याबाहेर पडतात आणि आईबाप वरून लक्ष ठेवून भरवत असतात. चोचीचा आतला भाग गुलाबी-लालसर, डोळे निळसर राखाडी, शेपूट आखूड, ही त्याची लक्षणं. रक्त दिसत असेल किंवा पंख लोंबत असेल तरच पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांना कळवा. मांजराची भीती असेल तर जवळच्या झुडपात उचलून ठेवा आणि पटकन बाजूला व्हा. ह्याच दिवसांत कधी कावळा एखाद्या ठिपक्याठिपक्यांच्या, वेगळ्याच पिल्लाला भरवताना दिसेल. ते कोकिळेचं. कोकिळा त्याच्या घरट्यात अंडं घालून जाते आणि कावळा ते वाढवतो. ज्या गोड आवाजाचं आपण कौतुक करतो, त्याला लहानपणी ह्यांनीच भरवलेलं असतं.

पडलेलं घरटं मिळालं तर

हंगाम सुरू व्हायच्या सुमाराला जोराचा वारा आला की मागल्या वर्षीची रिकामी घरटी कधी कधी खाली येतात. रिकामं आहे ना ह्याची खात्री करा, हातमोजे घाला, आणि ते नीट बघा. झाडावरचं घरटं मात्र कधीही पाडू नका, रिकामं वाटलं तरी.

मला तीन वर्षांपूर्वी एक मिळालं. लांबून काड्यांचा ढीग. मी ते टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून त्यावर ठेवलं आणि शिवण उसवताना बघते तसं कडेपासून बघत गेले. बाहेरचा थर जाड काटक्यांचा, त्यात नऊ तारा. गंजलेल्या, एक प्लॅस्टिकचं आवरण असलेली, एक हँगरची. तोकियोमधले कावळे घरट्यात हँगर वापरतात हे मी वाचलं होतं, ते इथे माझ्या टेबलावर. तारांची टोकं वाकवून काटक्यांमध्ये अडकवलेली होती. आत बारीक मुळ्या, मग काथ्या, केस, कापूस, आणि सगळ्यांत आतल्या वाटीत एक निळी किनार, माझ्याकडच्या शाळेच्या गणवेशाच्या कापडाची. ती दोन मुळ्यांच्या वरून, तिसरीच्या खालून, परत वर अशी गेली होती. गाठ एकही नव्हती. मी एक तार धरून हळूच ओढून बघितली, सगळं घरटं तिच्याबरोबर उचललं गेलं.

संध्याकाळी मी ते परत झाडाच्या बुंध्याशी ठेवून आले. सकाळी बघितलं तर नवापैकी सहाच तारा उरल्या होत्या, आणि वरच्या फांदीत तीनबोट्या चोचीत हँगर आडवा धरून तो कुठे बसतो ते बघत होता.